रुमालाखाली

मार्केट यार्डात, पोत्यांच्या थप्प्यांमागं
तवनाप्पा आवटींच्या अडतीत
नवा कॉम्प्युटर जोडून द्यायला गेलो
तेव्हा दुपारचे सौदे उरकले होते
आणि हवेत हळदीची ती खवखव होती
जी घरी गेल्यावर बनियनमधूनही निघत नाही.

पडदा निळा झाला. नमस्कार म्हणाला.
मग विचारायला लागला.
तुम्ही कुठं असता, पाहू का?
काय टाइप करता, त्यातून शिकू का?
मशीन बिघडलं तर, आणि न बिघडलं तरी,
खबर वर पाठवू का?
सगळी बटणं आधीच चालू,
आहेराचं पाकीट आधीच फोडून ठेवल्यासारखी.

माझं बोट सवयीनं 'पुढे'वर गेलं.

"थांब की," अण्णा म्हणाले, "काय इचारतंय ह्ये?"
वाचून दाखवलं.
"आन् कशापायी पायजे?"
"तुमचा अनुभव सुधारायला."
"अनुभव माजा,
आन् सुधारनार त्येनी?"

खुंटीवरनं त्यांनी एक रुमाल काढला.
कधीकाळी पांढरा.
चाळीस वर्षं ह्याच्याखाली बोललो, म्हणाले.
वर तोंडानं लेकीच्या स्थळाच्या गप्पा,
खाली खरेदीदाराच्या बोटांत माझी बोटं.
भाव दाबून सांगायचा.
शेजारी सख्खा भाऊ उभा असला
तरी त्याला नुसती कापडाची सुरकुती दिसायची.
"चोरी नव्हं ती.
दोघांतलं होतं, दोघांत ऱ्हायलं."

मी एकेक बटण बंद करत गेलो.
ठिकाण. आवाज. जाहिरातींसाठीचा नंबर,
जो त्यांच्यावर न विचारता पडला होता.
प्रत्येक वेळी पडदा म्हणायचा, नक्की?
चालू करताना नक्की का म्हणून
कुणी विचारलं नव्हतं.
शेवटचं एक बंदच होईना.
खाली राखाडी अक्षरांत: आवश्यक.
"कुनाला?"
मला सांगता आलं नाही.

खरं तर मी भलताच हिशोब करत होतो.
अकरा वर्षं. विश्रामबाग, खणभाग,
पार मिरजेच्या दवाखान्यांपर्यंत
किती मशीनं चालू करून दिली,
चहा निवायच्या आत,
हो, हो, मान्य, पुढे, हो.
डॉक्टर बिरनाळ्यांच्या कंपाउंडरचं,
ज्यात अर्ध्या पेठेची आजारपणं.
एका वकिलाचं.
आणि हॉस्टेलवरची ती मुलगी,
म्हणाली होती, दादा, ह्यात मी माझं माझं लिहिते,
कुणाला दिसत नाही ना?
नाही, म्हणालो.
आणि तिच्या वतीनं हो दाबलं.

पुराच्या साली
आमच्या गच्चीवर सगळ्या गल्लीचे कागद वाळत होते.
पासबुकं, पत्रिका, जुनी पत्रं,
कुणाचा तरी घटस्फोटाचा अर्ज, वर वीट ठेवलेला.
लोक त्यावरून ओलांडून जायचे,
मान दुसरीकडं करून.
ते पाणी निदान दिसत होतं.
आयर्विन पुलावर जाऊन
किती फूट झालं, वाचता येत होतं.

ह्याला पट्टी कुठं लावायची?

अण्णांनी कॅमेऱ्याच्या बारक्या डोळ्यावर
हळदीच्या बोटानं टिक्का लावला.
"बघू दे आता पिवळं."
हसलो दोघंही. आवश्यक तसंच चालू होतं.

मग रुमाल माझ्या हातावर टाकून
त्यांनी माझी मजुरी बोटांत सांगितली.
मला ती भाषा येत नाही,
दोनदा दाबावं लागलं.
मी मान हलवली.

किती, ते तुम्हाला सांगणार नाही.