शेऱ्याचा रकाना

मिरजेत येऊन मला तिसरा आठवडा.
रात्रपाळी, वॉर्ड चार.
जंक्शनवर शंटिंग सुरू झालं
की सलाइनच्या बाटल्या स्टँडवर किणकिणतात.

पलंग अकरा : गंगव्वा बडिगेर,
वय सत्तरच्या पुढे, तालुका अथणी, खुब्याचं हाड.
मुलगा ॲडव्हान्स भरून गेला, रविवारी येतो म्हणाला.
कुठला रविवार, ते नाही सांगितलं.
ती रात्रभर एकच अक्षर म्हणते :
बा.
थांबते. छताकडे बघते.
बा.

मी विट्याकडची. आमच्यात बा म्हणजे बाप.
म्हणून शेऱ्याच्या रकान्यात
सलग तीन रात्री मी लिहिलं,
'पेशंट वडिलांची आठवण काढते.'
लिहिताना बरं वाटलं.
सत्तरीतही बाप लागतोच माणसाला, म्हटलं,
आणि तिची चादर सारखी करून
पुढच्या पलंगाकडे गेले.

पॅसेजपलीकडे पुरुष. रात्री दोन्हीकडे मी एकटीच.
तिथे रामअशीष, कुपवाडच्या फौंड्रीतला,
दोन बोटं मशीनला देऊन आलेला.
उरलेल्या तिनांत फोन धरून
सिवानला सांगतो, सब ठीक बा.
त्याचा बा म्हणजे नुसतं 'आहे'.
काय आहे, ते विचारायचं नाही.
त्याच्या शेजारी वखारभागातले हळदवाले रसिकलाल.
भूल उतरताना एवढेसे होऊन हाका मारत होते,
बा, ओ बा.
सून हळूच म्हणाली, आईला बोलवतायत.
त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली.

चौथ्या रात्री ऐनापुरे मास्तर,
पाय वजनाला टांगलेला, झोप नाही,
जन्मभर सीमेवरच्या शाळेत दोन भाषांत पाढे घेतलेले,
म्हणाले, सिस्टर,
ती म्हातारी बापाला नाही बोलवत.
तुम्हाला बोलवतीये.
कन्नडात बा म्हणजे ये.

मग मास्तर सुटलेच.
तुमचा बा बापाचा तुकडा,
शेटजींचा तान्ह्या पोरांच्या तोंडातनं सांडलेला,
त्या बोटवाल्या पोराचा बा म्हणजे संस्कृतातलं 'वर्तते'
झिजून झिजून उरलेला गोटा.
अन् म्हातारीचा निराळ्याच विहिरीचा.
खाली तमिळात अजून 'वा' म्हणतात, वा म्हणजे ये,
इकडं वर येता येता वचा ब झाला...

ते बोलत राहिले. मी 'वा'पाशीच थांबले.

माझा बा गलाईवाला.
सेलमला सदतीस वर्षं दुसऱ्यांचं सोनं गाळलं,
ॲसिडचा धूर छातीत भरून बाळवडीला परत आला.
शेवटचे आठ दिवस पत्र्याच्या खोलीत
मराठी आधी गेली त्याची, मग बाकीचं.
राहिलं तेवढं म्हणायचा,
वा. वा.
आय शिरा भरवत होती.
म्हणाली, बघा गं,
जन्मात पहिल्यांदा माझ्या हाताला वा म्हणाले.
आम्ही हसलो.
आणि तो खूश आहे म्हणून
एकेक करून आपापल्या कामाला उठलो.

मास्तर, 'आले' म्हणायचं झालं तर?
बंदे.

गेले. स्टूल ओढलं.
तिचा हात घेतला, सुकलेल्या वेलासारखा.
बंदे, अव्वा.
तिला नवल वाटलं नाही.
नेहमीसारखा उशीर केलाय मी, असं बघितलं
आणि कन्नडात बरंच काही बोलली.
शब्द कळले नाहीत. रागावलेलं कळलं.

सकाळी तीन शेऱ्यांवर रेघ मारून सही केली.
मेट्रन म्हणाल्या, खाडाखोड का?
चुकून, म्हटलं.

तमिळात 'आले'ला काय म्हणतात
ते मास्तरांना माहीत असेल.
परवा त्यांचं वजन काढतायत, मग डिस्चार्ज.
विचारलेलं नाही अजून.