गाळलेली दोन पानं

चौथीत होते मी,
आणि घरात घडाघडा वाचणारी मीच एक.
दुपारी अडीचला मोठीआई
खिडकीतल्या वाळ्यावर तांब्याने पाणी शिंपडायची,
मग निखाड्यांची लीलाबाई यायची, सोनाराकडची मंदा,
सुपात तुरीची डाळ, मांडीवर लसणाची परडी.
मी पाटावर.
गांधीबागेतून आणलेली कादंबरी,
दिवसाला दहा पैसे भाडं,
पुठ्ठ्यावर कुणाच्या तरी चहाचं वर्तुळ.

‘आलिंगन’पाशी मी अडले.
म्हणजे काय गं, मोठीआई?
डाळीतले खडे एकदम फार वाढले.
“पुढं वाच,” लीलाबाई म्हणाली.

नऊ दिवस वासंती आमच्याकडे राहिली.
तिला कोणतं लुगडं शोभेल यावर भांडणं झाली.
तिच्या सासूला बुधवारीतल्या अस्सल शिव्या मिळाल्या,
पुस्तकात नसलेल्या.
खोकला वाढला तेव्हा मंदा चिडली,
“मेडिकलले काऊन नेत नाई तिले कोनी?”

दहाव्या दिवशी बर्फगोळेवाल्याची घंटी वाजली.
उरलेली पानं मी बोटाने मोजली. अकरा.
घंटी महालाकडे वळत होती.
मी दोन पानं एकदम उलटली
आणि पुढच्याच ओळीत वासंती गेलेली होती.

माझ्याच तोंडून गेली.
वाळ्यातून पाणी ठिबकत राहिलं.
लीलाबाईने नाकाला पदर लावला, सूप उचललं,
“आला नाई ना शेवटी तो,”
एवढंच म्हणून निघाली.
मी गोळा खाल्ला. काला खट्टा.

त्या रात्री चूल पेटली नाही.
मोठेबाबा मिलमधून आले,
गंजावरचं झाकण उचलून पाहिलं.
“कोन गेलं?”
“तुमी नाई ओळखत.”

ते जरा वेळ तसेच उभे.
मग सायकल पुन्हा बाहेर काढली,
कोपऱ्यावरून झुणका-भाकर आणली,
आणि दारच्या कडुनिंबाची डहाळी मोडून
एकेकाच्या भाकरीवर एकेक पान ठेवलं.
मयतीच्या घरचा कडू घास.
त्या माणसाने जन्मात कादंबरी वाचली नव्हती.
मोठीआईने पान चावून खाल्लं.
मी ताटाखाली लपवलं.

परवा सीताबर्डीवर
रद्दीच्या ढिगात तीच कादंबरी दिसली.
तीस वर्षं मराठी शिकवल्यावर
पहिल्या प्रकरणातच जांभई आली.
योगायोग फार. चंद्र तर पानोपानी.
उभ्याउभ्या चाळत शेवटाला आले,
वासंती मेली, डोळे कोरडे ठणठणीत.
मग दोन पानं मागे गेले.

तो आला होता.
गाडी चुकली म्हणून रात्रभर चालत,
पायात एकच चप्पल.
तिने त्याला ओळखलं.
विचारलं, जेवलास का?

रद्दीवाला माझ्याकडे बघत राहिला.
“राहू द्या मॅडम,” म्हणाला, “वीसच द्या.”

मोठीआई आता मानेवाड्याला, अठ्ठ्याऐंशीची,
ऐकू येतं ते एकाच कानाने.
मी कानाशी वाकून सांगितलं,
तो आला होता गं. मीच गाळलं होतं.
“कोन?”
वासंतीचा.

तिने हाताने खूण केली, कूलर बंद कर.
पाती थांबायला वेळ लागला.
“मंग उगाच उपाशी ठेवलं मी तुमाले,” ती म्हणाली.
“तुह्या मोठेबाबाले
उगाच पानं तोडाले लावली.”
मग पलंगावर जरा सरकून
मला जागा केली. “वाच.”

मी वाचत गेले. घाम गळत होता दोघींचा.
दुसऱ्या पानाच्या तळाशी
तोच शब्द पुन्हा आला,
आणि सत्तावन्नाव्या वर्षी
मी तिथेच अडले.

“पुढं वाच,” मोठीआई म्हणाली.