नाक्याची भिंत

नगरपंचायतीचं काम मिळालं, मजुरीसकट.
जुन्या जकात नाक्याची भिंत खरवडायची,
दोन हात पांढरा द्यायचा,
वर निळ्यात लिहायचं: स्वच्छ बोरहट्टी, सुंदर बोरहट्टी.
टीला वेलांटी दुसरी, हे साहेबांनी दोनदा बजावलं.

जतच्या पूर्वेला रस्ता जिथं उगाच रुंद होतो
तिथं आमचं गाव. कागदावर शहर.
पाहुणे येतात, विचारतात, ते घर कुठंय
ज्याची चूल एका राज्यात आणि न्हाणी दुसऱ्यात?
असलं घर इथं नाही.
आहे तो निंबव्वाचा कट्टा. डाव्या अंगाला बसलं
की मोबाईल म्हणतो, कर्नाटकात आपलं स्वागत आहे.
ती म्हणते, चहाचे पैसे इकडंच द्यायचे.

पत्रा लावला.
आधी निघाला बंद नाक्याचा पिवळा,
मग कोळशानं खरडलेलं: पाणी द्या, नाहीतर चाललो तिकडं.
कुणी गेलं नाही.
मग लाल त्रिकोण, त्यात चार हसरी तोंडं,
माझ्या उस्तादाच्या हातची.
दस्तगीर पेंटर. बाईचं नाक त्याला कधीच जमलं नाही.

कानडी त्याला वाचता येत नव्हतं.
चाळीस वर्षं पलीकडच्या पाट्या रंगवल्या
चित्र काढावं तशा, वेटोळी मोजत.
एकदाच एक मात्रा शेजारच्या अक्षरावर बसली
आणि गुरुपादप्पाच्या कापडाचा डोंगर झाला.
बट्टे म्हणजे कापड, बेट्ट म्हणजे डोंगर.
सगळा बाजार हसायला आला, येताना खण घेऊन गेला.
गुरुपादप्पानं पाटी पुसू दिली नाही.
त्याची नातवंडं अजून डोंगरवाले.

त्रिकोणाखाली डांबराचा जाड पट्टा, त्यावर एकच शब्द, हद्द.
तो निघता निघेना. रॉकेल लावलं, दुपार गेली.

आणि त्याच्याखाली
निळीनं लिहिलेले पाढे.
बे एके बे.
शेजारी, त्याच हातानं, त्याच उतारात,
एरडोंद्ली एरडु.

निंबव्वा कट्ट्यावरून उठून आली.
मी इथं चौथीपर्यंत होते, म्हणाली.
संस्थान मोडलं होतं,
इकडंही मुंबई सरकार, तिकडंही मुंबई सरकार,
आठ वर्षं नाक्याला अडवायला कुणी नव्हतं,
म्हणून आत शाळा भरायची.
तिप्पण्णा मास्तर. छडी मराठीत, समजूत कानडीत.
छप्पन साली एका सोमवारी दांडा परत बसवला,
अर्धी पोरं पलीकडं राहिली.

परत भेटली का गं कधी?

दर बुधवारी. बाजारात.
मिरचीला घासाघीस करतात मेले.

एका कोपऱ्यात पोपडा खोल गेला,
तिथं गेरू आणि मोडीची दोन ओळी लांबण.
मोडी मला येत नाही, तिलाही नाही.
आकडा तेवढा लागला, गाडीला दोन आणे.
म्हणजे दांडा तेव्हाही होता,
पलीकडं गोरा साहेब होता, एवढाच फरक.

पाढे मी खरवडले नाहीत.
त्यात मोठेपणा कसला, तिथला गिलावा भुसभुशीत,
लांबी भरायची तर खिशातले गेले असते.
सरळ चुना मारला.

पण नीळ चुन्यातून वर येते, हा तिचा स्वभाव.
पहिला हात वाळला तसं बे दिसायला लागलं.
साहेब म्हणाले, अजून एक.
दुसरा दिला. तिसरा माझ्या पदरचा,
बिल दोनच हातांचं निघालं.

सकाळी डबा ब्रश घेऊन आलो,
तर निंबव्वा चष्मा पुसत भिंतीसमोर उभी.
बे साती चौदापर्यंत दिसतंय बघ, म्हणाली.
पुढचं मला येतं.