काटा

सध्या परीक्षक मीच.
बाबांचा चष्मा नाकावर, मांडीवर उशी, उशीवर वही.
“सो, टेल अस समथिंग अबाउट युअरसेल्फ.”
शलाका फिसकन हसते.
आई ओट्यापासून दटावते, तिथे अशी हसलीस तर?
परत ये. दारातून परत आत ये.
आमचं आतलं दार म्हणजे पडदा.
तो बाजूला सारून ती विचारते, मे आय कम इन, सर,
आणि मोरीपासून स्टुलापर्यंतची चार पावलं अशी चालते
जसा काही मोठा कॉरिडॉर तुडवत आली.

प्रश्नांचा कागद अँटॉप हिलच्या झेरॉक्सवाल्याकडचा,
दोन रुपये पान, कडेला काळा पट्टा आलेला.
खाली उत्तरंही छापलीत.
प्रश्न पाच : तुमची उणीव कोणती?
उत्तर : मी प्रत्येक कामात परिपूर्णता शोधते.
“साफ खोटं,” शलाका म्हणते,
“माझा चहाचा कप दोन दोन दिवस खिडकीत असतो.”
हेच सांग, आई म्हणते, जेवायच्या वेळेला घरी येशील.

प्रश्न सात : भूशास्त्रच का?
“या क्षेत्रात भरपूर स्कोप आहे,”
एवढं म्हणून ती थांबते.
मी चष्म्यावरून बघतो,
चष्म्यातून तसंही मला काही दिसत नाही.

खरं उत्तर मला माहीत आहे.
वडाळ्याला ट्रक टर्मिनलजवळच्या ज्या वजनकाट्यावर मी बसतो
तिथे आधी बाबा बसायचे.
शाळा सुटली की ही त्यांचा डबा घेऊन यायची
आणि डंपरमधून सांडलेली खडी निवडत बसायची, तांदूळ निवडावेत तशी.
नऊ वर्षांची असेल. मुठीएवढा एक काळा दगड
तिने काट्याच्या लोखंडी कडेवर आपटून फोडला.
आत पांढऱ्या सुया, दाट, उभ्या.
बाबा म्हणाले, गारगोटी.
पनवेलचा ड्रायव्हर म्हणाला, मीठ गं पोरी.
तिने चाटून पाहिलं.
मीठ नव्हतं.

“हे सांगू त्यांना? दगड चाटला म्हणून?”

मग मी एक प्रश्न कागदाबाहेरचा विचारतो.
बारावीनंतरचं एक वर्ष कुठे गेलं?

पंखा ऐकू येतो.
तिने वाक्य पाठ केलंय : ड्यू टू पर्सनल रीझन्स.
तीन शब्द झाले की आवंढा, मग उरलेला एक.
ते वर्ष केईएममध्ये गेलं,
दिवसा मी, रात्री ती,
खाटेखाली चटई, चटईवर उघडं पुस्तक, पान तेच.
आईचे हात कणकेत थांबलेत.
“सांगून टाक,” मी म्हणतो, “मार्क देतील.”
“बाबांचे मार्क नकोत मला.”

आम्ही गाडी दोनदा तोलतो.
आधी भरलेली, मग रिकामी,
मधला फरक तो माल.
बाबांनी मला धंद्यातलं शिकवलं ते एवढंच,
आणि ते आत्ता तिला सांगावंसं वाटलं,
पण परीक्षक असं काही बोलत नसतात.
“नेक्स्ट क्वेश्चन,” मी म्हणालो.

रात्री कुर्त्याला इस्त्री करून झाल्यावर
तिने माझ्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःला लावला.
“मिस्टर धनंजय बोऱ्हाडे, आता तुम्ही.
बारावीला एक्क्याऐंशी टक्के. पुढे काय केलंत?”
मी पडद्यापाशी उभा.
आत येऊ का, हे विचारायचंच राहिलं.
आई म्हणाली, पुरे गं, झोपा आता, सकाळी पाणी साडेपाचला येतं.

सकाळी बसस्टॉपवर
ती ओढणी नीट करेपर्यंत बॅग माझ्या हातात होती.
फाइल, मार्कशीट, डबा, पाण्याची बाटली :
हात सवयीने हिशेब करतो.
अंदाजे तीनशे ग्रॅम जास्त.
बस आली.
मी काही विचारलं नाही.