'अ'चे खिळे

प्राकृत जुळवायला घेतलं की
आधी 'अ' संपायचे. मग 'ण'.
मराठीच्या केसमधे 'अ'चा खण लहानच असतो,
शब्दाच्या तोंडाशी बसणारं अक्षर ते, किती लागणार.
इथे मात्र ओळीच्या पोटात, शेपटाला, कुठेही:
गअण. साअर. हिअअ.
एका हिअअला दोन.

मग बाबा सायकल काढायचे,
रावपुऱ्यातून दांडिया बाजारात, पालेकरांच्या छापखान्यात,
मूठभर 'अ' उसने आणायला.
येताना त्यांचा खिसा वाजत असायचा.
घरी आल्यावर मला म्हणायचे, हात धू,
शिसं पोटात जातं.

वर मोठ्या टाईपात प्राकृत,
खाली बारीक टाईपात संस्कृत.
खालच्याला छाया म्हणतात.
लोक वाचतात ती छायाच, असं पंडित चिमनलाल
प्रूफं तपासता तपासता सांगायचे, चहा बशीत ओतून.
नाटकात राजा बोलतो ते कळतं सगळ्यांना.
राणी बोलली की खाली छाया हवी.
मी दहा वर्षांची. मी विचारलं,
राणीला कळायचं का राजाचं?
पंडितजी हसले.
बाबा हसले नाहीत, त्यांच्या हातात अर्धी ओळ होती.

यंदा फाल्गुनात बाबांच्या डोक्यातली
एक नस बंद पडली.
सयाजी इस्पितळात चौथ्या दिवशी बोलले,
तर दोन स्वरांमधली व्यंजनं जागेवर नव्हती.
क गेलेला, ग गेलेला, त आणि द तर केव्हाच.
माझ्या नावावरचा रफार पडला
आणि 'म'ला 'म' येऊन चिकटला:
उम्मिला.
हंसाबेन सिस्टर म्हणाल्या, काका शुं कहे छे?
मी म्हटलं, थांबा, छाया देते.

औषधांच्या वहीत मागून सुरुवात केली.
वर ते म्हणाले ते, खाली बारीक अक्षरात मी.
पाई: पाणी.
उई: उशी. (उशीच. सुई टोचून झाली होती.)
आअ: आत? आज? आग?
आणि गअ.
गअपाशी मी अडले.
प्राकृतात गअ म्हणजे हत्ती,
गअ म्हणजे गेलेला,
गअ म्हणजे दुखणं.
बाबा खिडकीकडे बोट दाखवून पुन्हा, गअ.
खिडकीत दोरीवर कुणाचा तरी टॉवेल.
मी पंखा वाढवला. त्यांनी मान हलवली, नाही.
पुण्याहून दादाचा फोन: काय म्हणतायत?
मी म्हटलं, बरं वाटतंय म्हणतायत.
खोट्या छायाही छापल्या जातात अशा,
शुद्धिपत्र न जोडता.

पंडितजींचं एक आठवतं मला.
अक्षर गळालं की मधे भोक पडतं,
'अ'वर 'अ' आपटतो, म्हणाले,
म्हणून आमच्या पोथ्या तिथे हलकासा 'य' ठेवतात.
तुम्ही ओळींमधे पट्टी सरकवता ना, तसा.
पादचा द गेला, पाअ राहिला, त्याचा पाय.
माता, माआ, माय.
तुम्हां मराठ्यांचं सगळं, भाई, त्या 'य'वर उभं.

तेराव्या दिवशी वॉकर धरून
बाबा खाटेपासून दारापर्यंत.
डावा पुढे. उजवा फरशीवर घासत.
मधे थांबले, खाली बघितलं,
आणि म्हणाले, पा.
मी वाट पाहिली. वॉर्डबॉय वाट पाहत नव्हता,
त्याला ट्रॉली न्यायची होती.
य, म्हणाले बाबा.

ते वहीत लिहिलं. खाली काही लिहिलं नाही.

घरी पालेकरांचे 'अ' अजून आहेत,
बिस्किटांच्या डब्यात, कधी परत न केलेले.
पालेकर गेले, छापखान्याच्या जागी चष्म्यांचं दुकान आहे.
बाबा संध्याकाळी डबा मांडीवर घेऊन बसतात,
चांगला हात आत घालून.
मी म्हणते, हात धुवा हां.

गअच्या खाली तीन शब्द तसेच आहेत.
एकही खोडलेला नाही.