विहिरींची वही

भांडार नोंदवही, पान सत्तेचाळीस.
हेल्मेट एक. गमबूट, नऊ नंबर, जोडी एक.
कमरपट्टा, कुऱ्हाड, शिट्टी.
शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं असतं:
हरवले, जीर्ण किंवा परत.
दौलत हेडाऊच्या नावापुढे
मी तीन दिवस पेन धरून बसलो.

कुऱ्हाड सापडली होती.
दांडा गेलेला, पातं निळं पडलेलं.
वखारीच्या भिंतीखालून ती काढली तेव्हा
लकडगंजात अजून सागाचा वास होता,
लग्नघरातल्या नव्या पलंगाला येतो तसा.
मे महिना, रात्रीचे अडीच,
वाऱ्याचेही चटके बसत होते.
दोन हमाल त्यानं बाहेर ढकलले.
तिसरा आत आहे, कोणीतरी ओरडलं.
तिसरा नव्हताच.
तो उमरेडला, मेहुण्याच्या वरातीत नाचत होता.
हे मी कोणत्या रकान्यात लिहू?

दौलत विणकराचा पोरगा.
तांडापेठेत बापाच्या मागाची खटखट ऐकत वाढला,
म्हणून होज गुंडाळताना
एक सुरकुती चालायची नाही त्याला.
"पीळ पडला का अडते बे,
सूत काय, पाणी काय."
नवी पोरं हसायची. मीही हसायचो.
तर्री-पोह्याचे माझे चाळीस रुपये
त्याच्याकडे राहिले ते राहिलेच.

सुट्टीला सायकल काढून
तो शहरातल्या विहिरी बघत फिरायचा.
इतवारीत सराफ्याच्या मागे एक,
महालात देवळाच्या अंगणात एक,
एक तर बँकेच्या जिन्याखाली, लोखंडी झाकणाखाली झोपलेली.
दोराला दगड बांधून सोडायचा
आणि शंभर पानी वहीत लिहायचा:
मे महिन्यात पाणी अकरा हात.
गाडी वळत नाही, छोटा पंप न्यावा.
किल्ली पानठेल्यावर.
साहेबांनी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं?
"कोणी नाही साहेब. टँकर संपते.
दुसरा येईतोवर आग का थांबून राहते?"

चंद्रकलाबाई सामान परत द्यायला आल्या.
वर्दी धुतलेली, इस्त्री केलेली.
"शिट्टी राहू देता का? पोरगी वाजवते."
नियमानं पंचेचाळीस रुपये होतात.
मी खिशातून भरले, पावती फाडली,
कारणात लिहिलं: हरवली.
सव्वीस वर्षांत ही एकच खोटी नोंद.
मग त्यांनी वही टेबलावर ठेवली.
"ही तुमची."
"ही नोंदीत नाही, बाई."
"मग करा नोंद."

पुढच्या एप्रिलात गांधीबागेत
कापडाचं दुकान पेटलं.
दोन टँकर रिकामे झाले,
तिसरा अग्रसेन चौकात अडकलेला.
प्रणाली मेश्राम, नोकरीला सहा महिने,
वॉकीटॉकीवर ओरडली: वही काढा!
केंद्रातली वीज गेलेली.
मी टॉर्च तोंडात धरून पानं उलटली.
पान एकवीस:
'धर्मशाळेच्या मागे. झाकण जड, दोघं लागतात.
पाणी नऊ हात.
मालक बहिरा आहे, दार जोरात वाजवा.'

दार वाजलं. झाकण सरकल्याचा आवाज आला.
मग बराच वेळ नुसती खरखर.
मग पंप.

त्या पंपाच्या आवाजातून
एक म्हातारा विचारत होता, पुन्हा पुन्हा,
"तो दगडवाला नाही आला का? दोरवाला?"
प्रणाली सांगत होती.
तो म्हणत होता, "काय?"

सकाळी ती आली, भुवया राखेनं पांढऱ्या.
न बोलता माझी पेन्सिल घेतली,
त्याच्या 'नऊ'खाली लिहिलं: सात.
तारीख टाकली.
आणि शेरा म्हणून, जरा वाकड्या अक्षरात:
मालकाला सांगायचं राहिलं.