एक सेकंद

जुन्या बाजारात, कुकरची झाकणं आणि मिक्सरच्या भांड्यांमध्ये
ती पालथी पडली होती. दोन डोळ्यांची यशिका.
चामडी पेटीच्या आत बॉलपेननं
वि. शं. खासगीवाले, डेक्कन जिमखाना,
खाली फोन नंबर, पाच आकडी.
विकणारा म्हणाला, आत पितळ आहे, पण वजनावर नाही देणार.
साडेबाराशेला ठरलं.

आठवडाभर मी भोसरीत मायक्रॉन मोजतो.
बंद खोली, वीस डिग्री,
दोन मायक्रॉन जास्त भरले की लाल चिठ्ठी.
माझ्या सहीनं किती माल परत गेलाय
त्याचा हिशोब कंपनीकडे आहे.

हातिमभाईंचं दुकान ताबूत स्ट्रीटच्या आतल्या गल्लीत,
एवढंसं, की गिऱ्हाइकानं पाय रस्त्यावर ठेवून बसायचं.
त्यांनी लेन्स बल्बसमोर धरली.
बुरशीची बारीक पांढरी मुळं.
"खासगीवाल्यांनी जपली फार," ते म्हणाले,
"चामड्यात घालून कपाटात. बुरशीला चामडं आवडतं.
चार लग्नांत आपटली असती, तर आज ठणठणीत असती."

स्पॅनरची टोकं खाचेत बसवेपर्यंत त्यांचे हात थरथरतात.
टोकं बसली की थरथर थांबते,
सिग्नलला रिक्षा थांबावी तशी:
इंजिन चालूच.

पात्यांवरच्या तेलाचा गोंद झालेला.
लायटरचं पेट्रोल, कापूस, पुन्हा पेट्रोल.
मागच्या दाराचा स्पंज बोटांना डांबरासारखा चिकटला;
तिथं मी बायकोच्या जुन्या ब्लाऊजची काळी मखमल कापून लावली.
विचारून.
म्हणजे, नंतर विचारून.

चौथ्या शनिवारी शटर जोडलं.
हातिमभाई यंत्रावर तपासत नाहीत, कानाशी धरतात.
पंधरा, तीस, साठ. मान हलते.
पाचशेला त्यांनी दोनदा खटका दाबला
आणि कॅमेरा माझ्याकडे दिला, माझ्याकडे न बघता.
"तू ऐक. हा आवाज मला येत नाही आता."
मी ऐकलं. टिक्. किंवा ट्क्.
"बरोबर आहे," मी म्हणालो.
न मोजता पास केलेला माझा पहिला माल.

रविवारी तांबट आळी.
मान खाली घालून काचेत बघायचं,
तिथं उजवं ते डावं.
घागर ठोकणारा डावखुरा दिसला, मान वर केली तर उजवा.
मीटर केव्हाच मेलेलं. ऊन बघून अंदाज:
खांबाची सावली धारदार असली की सोळा,
मऊ पडली की आठ.
राँग साइडनं आलेली एक स्कूटर
काचेत अगदी नियमानं, डावीकडून येत होती.
काढला तिचा फोटो,
धुतल्यावर ती पुन्हा राँग साइडलाच असणार हे माहीत असून.
बाराच फोटो, एकेक दाब पंचाहत्तर रुपयांचा.
अकरा संपले.

बारावा घेऊन मी ताबूत स्ट्रीटला गेलो.
"माझा? लेन्सला परत बुरशी येईल."
काम बाजूला ठेवायला लावलं.
स्क्रूच्या डब्यावर कॅमेरा टेकवला,
दुकानात उजेड बेताचाच, म्हणून पूर्ण एक सेकंद.
झर्रर्र करत तो गेला.
ते शेवटपर्यंत ऐकत होते.

रात्री बाथरूममध्ये फिल्म धुतली.
नळाचं पाणी अठ्ठावीस, म्हणून माठातलं, वर बर्फ.
इथंही वीस डिग्रीच. सुटका नाही.
चड्ड्या-बनियनांशेजारी, चिमट्याला, फिल्म वाळत घातली.

बाराव्यात बाटल्या स्पष्ट, स्क्रू स्पष्ट,
चष्म्यावरचं भिंग, कॅलेंडरवरची तारीखसुद्धा वाचता येते.
फक्त हातांच्या जागी
नुसतं धुकं, दहा बोटांचं.

पुढच्या शनिवारी प्रिंट त्यांच्यासमोर ठेवली.
मला वाटलं, नव्हती ठेवायला पाहिजे.
त्यांनी ती बल्बखाली धरली, ती हलत होती,
म्हणून काउंटरवर ठेवली आणि वाकून बघितली, बराच वेळ.

"सेकंद पुरा भरतोय," ते म्हणाले.
"शटर बरोबर आहे."